अवेळी वाजलेली घंटा

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याहत्तर सालातली. आदल्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती आणि फेब्रुवारीतच कृष्णेचं पात्र वैशाखासारखं आटलं होतं. पलूसच्या बाजूच्या ज्या गावात ती घडली, त्याचं नाव मी सांगणार नाही. ज्यांना लाज वाटायची त्यांना ती वाटून गेली. आता त्यांच्या नातवंडांना कशाला?

मित्रांनो, मी एक जुना रुळाचा तुकडा आहे. हातभर लांब, गंजलेला, एका बाजूनं ठोकून ठोकून चेपलेला. गोड बोलणं मला येत नाही. लोखंडाला जन्मभर एकच गोष्ट नीट ठाऊक असते, ती म्हणजे मार. भट्टीतून लालभडक बाहेर आलो तेव्हा मार खाल्ला, जमिनीवर अंथरला तेव्हा खिळ्यांचे घाव सोसले, आणि मग साठ-पासष्ट वर्षं कोरेगावच्या अलीकडच्या एका वळणावर आगगाडीची चाकं पाठीवर घेतली. लहान लाईनीची गाडी होती ती. तिच्यातून गुळाच्या ढेपा जायच्या, शेंगांची पोती जायची आणि पलटणीत भरती व्हायला निघालेली पोरं जायची.

तिथं केरबा नावाचा एक गँगमन होता. तो रोज सकाळी लांब दांड्याचा हातोडा घेऊन यायचा आणि प्रत्येक रुळाला एक टोला देऊन कान लावायचा. तडा गेलेला रूळ बद्द बोलतो, धड असलेला खणखणीत बोलतो. "काय गड्या, बरा हायस न्हवं?" असं तो म्हणायचा. त्या साऱ्या वर्षांत माझी तब्येत विचारणारा तेवढा एकच भेटला. तो त्याच्या नोकरीचाच भाग होता म्हणा.

पुढं मोठी लाईन आली. आम्हाला उपटून ढिगात टाकलं, कापलं आणि भंगारात विकलं. पलूसकडच्या त्या गावाला शाळेसाठी घंटा हवी होती. शाळा समितीचे अध्यक्ष नानासो यांनी मला बैलगाडीत घालून नेलं आणि शाळेपुढच्या करंजाच्या फांदीला साखळीनं टांगलं. शेजारी सुतळीला एक जाडजूड बोल्ट बांधला. तो माझ्या अंगावर आपटायचा, की झाली घंटा.

पहिले काही दिवस गावानं माझं फार कौतुक केलं. "आवाज बगा की! पार मळ्यापतुर जातुया," असं जो तो म्हणे. मलाही बरं वाटलं. पण त्या कौतुकातच पुढचं दुखणं होतं.

त्या गावात मनगटावर घड्याळ असलेली माणसं मोजून चार. आणि उसाला नदीवरच्या इंजिनाचं पाणी मिळायचं ते पाळीनं. आज याची पाळी, उद्या त्याची. पाळी कधी बदलायची यावरून पूर्वी रोज भांडणं व्हायची. माझा आवाज मळ्यापर्यंत जातो म्हटल्यावर गावानं ठरवून टाकलं, की पाणी घंटेवर फिरवायचं. सकाळी अकराला शाळा भरताना मोजून तीन टोले पडायचे, त्या टोल्यांवर पहिल्याची पाळी सुरू. संध्याकाळी पाचला शाळा सुटताना घणघण घणघण लांबलचक घंटा व्हायची, तिच्यावर पाणी दुसऱ्याच्या रानात. म्हणून हेडमास्तर आकाराम गुरुजींशिवाय त्या बोल्टाला कुणी हात लावायचा नाही, असा कडक नियम होता. शाळेची घंटा सगळीकडे असते. पण शाळेच्या घंटेवर उसाचं पाणी फिरवणारं गाव मी एवढं एकच पाहिलं.

त्याच फेब्रुवारीत जत भागातून बिराप्पा आपली मेंढरं घेऊन आला. तिकडं गवताची काडी उरली नव्हती. नानासोंच्या ऊस तुटलेल्या रानात त्यानं मेंढरं बसवली. मेंढरांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि त्या बदल्यात बिराप्पाला जोंधळा मिळायचा. हा जुना रिवाज आहे, दोघांच्याही फायद्याचा. पण गावाला खत हवं होतं, धनगर नको होते. बायका म्हणत, "ह्यास्नी हिरीवर येऊ देऊ नगा." पोरं त्यांच्या कुत्र्यावर दगड मारत. कुणाच्या बांधावरचं उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा चारा, कमी झालं, की बिराप्पाचं नाव पुढं.

बिराप्पाला आठ वर्षांची एक मुलगी होती, हरणा. तिन्ही मुलांत धाकटी. शाळेत राहीबाई नावाच्या नव्या बाई आल्या होत्या, वय वीस-बावीस. त्या स्वतः रानात जाऊन बिराप्पाला म्हणाल्या, "पावसापर्यंत इथंच आहात ना? मग मुलीला पाठवा शाळेत."

दुसऱ्या दिवशी बिराप्पा मुलीला घेऊन करंजाखाली उभा राहिला. आकाराम गुरुजींनी चष्म्यातून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"डोळं, कान, हातपाय सगळं धड हाय न्हवं? तसली पोरं आमी घेत न्हाई. मागल्या साली एकाला माघारी लावला."

बिराप्पानं डोक्यावरचं मुंडासं उगीचच नीट केलं. "समदं धड हाय, मालक. जरा लाजरी हाय, एवढंच."

मित्रांनो, तो खोटं बोलत होता. हरणा तीन वर्षांची असताना तापानं फणफणली आणि तिचे दोन्ही कान गेले. ती ठार बहिरी होती. पण बिराप्पाला वाटलं, एकदा पोर आत बसू दे, चार अक्षरं गिरवू दे, मग कळलं तर कळलं.

हे मला पहिल्याच दिवशी समजलं. गुरुजींनी मला टोले दिले तेव्हा हरणा करंजाच्या खोडाला टेकून उभी होती. कानातून नव्हे, खोडातून तो धक्का तिच्या पाठीत उतरला आणि ती दचकली. मग पुढं आली आणि तिनं आपला तळवा माझ्या अंगावर ठेवला. रुळावर हात ठेवला की त्याचा आवाज मरतो, तो हात ठेवणाऱ्याच्या हाडात उतरतो. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं कुणी खूप दिवसांनी ओळखीचं भेटावं. गुरुजी ओरडले, "ए पोरी, घंटा का दाबतीस? हात काड!" तिला काय ऐकू येणार? मग गुरुजींनी तिच्या मनगटावर छडी मारली. तेव्हा तिनं हात काढला.

मला सगळं ठाऊक होतं आणि मला एकच शब्द बोलता येत होता. तोही दुसऱ्यानं मारल्यावर.

राहीबाईंच्या वर्गात पहिली-दुसरीची मिळून साठ पोरं होती. सगळी एका सुरात कविता म्हणत. हरणा शेजारणीच्या ओठांकडं बघून नुसतं तोंड हलवायची. साठांच्या गलक्यात एक गळा मुका आहे हे बाईंच्या ध्यानात आलं नाही. त्यांनी हरणाला बसवलं ते वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीशेजारी. नानासोंची नात रंगू.

"रंगू, ही नवी आहे. हिला सांभाळायचं हं," बाई म्हणाल्या.

"व्हय बाई," रंगू म्हणाली.

दर सोमवारी राहीबाई दयेचा पाठ घ्यायच्या. पोरं हात जोडून एका सुरात म्हणायची, "दुसऱ्याला आपल्यासारखंच दुखतं. दुबळ्याला हसू नये. मुक्या जिवाला मारू नये." खिडकीतून ते मला स्पष्ट ऐकू यायचं. आणि मधली सुटी झाली की तीच पोरं माझ्याखाली हरणाभोवती कोंडाळं करायची.

"बेंऽऽ! बेंऽऽ!"

"लेंडीचा वास येतुया गं हिला!"

हरणा हसायची. तिला वाटायचं, आपल्याशी खेळतायत.

आठवड्याभरात पोरांना कळलं. मोठ्यांना जे महिनाभर कळलं नाही ते पोरांना आठ दिवसांत कळलं. रंगूनंच शोधून काढलं. तिनं हरणाच्या मागं जाऊन पाटीवर पाटी आपटली. हरणानं मागं वळूनही पाहिलं नाही.

"आयला, बहिरी हाय की ही!"

"बाईस्नी सांगू या?"

"गप रं! सांगितलंस तर मजा काय ऱ्हायली?"

असा तो गुपिताचा खेळ सुरू झाला. हरणाला वर्गात काय करायचं ते कळायचं रंगूच्या हातावरून. रंगूनं तळवा वर केला की उभं राहायचं, खाली केला की बसायचं. हे रंगूनंच तिला शिकवलं होतं आणि त्यासाठी राहीबाईंनी तिला शाबासकीही दिली होती. बाईंना वाटलं, काय गुणाची पोर आहे, नवीला सांभाळून घेते. पण रंगूला लहर आली की सगळे बसलेले असताना ती तळवा वर करायची. हरणा एकटीच ताडकन उभी राहायची, वर्ग खदखदायचा आणि गुरुजी व्हरांड्यातून ओरडायचे, "कोन ती उद्धट?" मग छडी. आणि एवढं होऊनही हरणा पुन्हा रंगूच्या हाताकडंच बघायची. दुसरीकडं बघणार कुठं?

मित्रांनो, माझा त्या पोरांवर फार राग होता. तो अजूनही आहे, हे मी लपवत नाही.

मग तो दिवस आला. त्या दिवशी पाण्याची पाळी नानासोंची होती, अकरा ते पाच. पाचनंतर पाणी जायचं होतं बांधाला बांध लागून असलेल्या भाऊसोंच्या रानात. नानासो आणि भाऊसो यांच्यात आधीच बोलणं नव्हतं. नानासोंच्या रानात त्यांचा मुलगा जोतीराम दारं धरत होता, म्हणजे सरीसरीतून पाणी फिरवत होता. हा जोतीराम रंगूचा बाप. तो फौजेत होता आणि महिन्याच्या सुटीवर आला होता. पलीकडच्या बांधावर भाऊसोंचा गडी गुंडा खोरं घेऊन बसला होता, पाच वाजायची वाट बघत.

अकराचे टोले देऊन आकाराम गुरुजी पगाराच्या कामासाठी गेले होते, पाचच्या आत परतणार होते. तीनची लहान सुटी झाली. राहीबाई वर्गात पाट्या तपासत होत्या. रंगू करंजाखाली आली. तिनं सुतळी सोडून बोल्ट हरणाच्या हातात दिला. माझ्याकडं बोट दाखवलं आणि हात जोरजोरानं हलवून दाखवला. मार, आणखी मार.

"रंगे, गुरुजी मारतील की गं," एक पोरगी म्हणाली.

"तिला मारतील. मला कशाला?"

हरणाच्या चेहऱ्यावर जे उजाडलं ते मला सांगता येणार नाही. तिनं एक हात माझ्यावर ठेवला, आवाज मरू नये एवढाच हलका, बोटांच्या टोकांनी. दुसऱ्या हातानं ती मारत सुटली. घणघण घणघण घणघण. थांबायचं कधी हे तिला कोण सांगणार? पोरं दप्तरं घेऊन ओरडत पळाली. त्यांना वाटलं, शाळा सुटली.

आणि मळ्यात गुंडानं खोरं उचललं.

ऊन डोक्यावरून थोडंच कललं होतं. पाच वाजले नाहीत हे गुंडाला दिसत होतं. पण पाणीटंचाईच्या दिवसांत माणसं आपल्या सोयीचं तेवढंच ऐकतात. त्यानं पाटाचं दारं मोडलं आणि पाणी भाऊसोंच्या रानात घेतलं. जोतीराम धावत आला.

"ए गुंडा! कुटं पाच वाजल्यात? माजं निम्मं रान कोरडं हाय!"

"घंटा झाली न्हवं? आता पानी आमचं. तुज्या बाऽनंच ठरीवलंया घंटेवर."

"डोळं फुटल्यात व्हय तुजं? ऊन बग!"

"उनावर न्हाई, घंटेवर!"

जोतीराम हातानं पाट बुजवायला वाकला आणि गुंडानं चिखलात मारलेलं खोरं त्याच्या उजव्या हातावर बसलं. अंगठ्याच्या मुळाशी. गुंडाला मारायचं नव्हतं, असं तो पुढं शपथेवर सांगायचा. खरं असेलही. पण रक्त काही शपथ ऐकत नाही. जोतीरामला गाडीत घालून तासगावला नेलं. दोन्ही घरची माणसं काठ्या घेऊन बांधावर आली. कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा दात पडला. अंधार पडेपर्यंत शिव्या चालू होत्या.

घंटा कुणी वाजवली, हे शोधायला वेळ लागला नाही. राहीबाई धावत बाहेर आल्या तेव्हा बोल्ट हरणाच्याच हातात होता आणि रंगू कधीच घरी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याखाली गाव जमलं. नानासो होते, भाऊसो होते, गुरुजी होते. हाताला जाड पांढरी पट्टी बांधलेला जोतीराम भिंतीला टेकून बसला होता. पुढच्या रांगेत शाळेची पोरं. बिराप्पा आणि त्याची बायको बनुबाई बाजूला उभी. हरणाला मधोमध उभं केलं होतं, गावाकडं तोंड करून.

"हिचं नाव काडा," नानासो म्हणाले. "आन बिराप्पा, तुजी मेंढरं उद्याच्याला माज्या रानातनं हलली पायजेत. ह्या गावात आता कुनी तुला बसवनार न्हाई."

"बरूबर हाय," भाऊसो म्हणाले. कित्येक वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं आणि ते एका आठ वर्षांच्या पोरीला हाकलण्यावर झालं.

बिराप्पा पेचात पडला. पोर बहिरी आहे हे सांगितलं नाही तर ती उनाड ठरत होती. सांगितलं तर 'तसली पोरं आमी घेत न्हाई' हे त्याच्या कानांनी ऐकलेलं होतं. दोन्हीकडून नाव जाणारच होतं. जतला माघारी जावं तर तिथं चारा नव्हता.

"का वाजवलीस गं घंटा?" नानासो हरणाच्या मागून गरजले. "इचारतुया तुला! अशी वाजवलीस व्हय? अशी?" आणि त्यांनी बोल्ट उचलून तिच्या पाठीमागं मला दणदणा टोले हाणले.

करंजावरचे कावळे उडाले. कडेवरची लेकरं रडायला लागली. पुढच्या रांगेतली पोरं दचकली. हरणाची पापणीसुद्धा लवली नाही.

आता तरी कळेल, मला वाटलं. इतकी माणसं बघताहेत, कुणाच्या तरी ध्यानात येईलच.

"बगा! बगा निगरगट्ट कशी हाय!" नानासो म्हणाले. "डोळा हालवत न्हाई!"

"रानातली औलाद ती," मागून कुणीतरी म्हणालं.

नानासोंनी गुरुजींच्या हातातली छडी ओढून घेतली. हरणाला एवढंच दिसत होतं की सगळ्यांचे चेहरे वाईट झालेत. काय करायचं ते तिला कळेना. म्हणून तिनं जिथं रोज बघायची तिथं बघितलं. पुढच्या रांगेत, रंगूच्या हाताकडं.

रंगूचं तोंड पांढरं पडलं होतं. बापाचा पट्टी बांधलेला हात तिला समोर दिसत होता. आज्याची छडी वर गेली. आणि रंगूनं तळवा झटकन खाली केला.

हरणा मटकन खाली बसली. छडी वाऱ्यातच फिरली आणि माझ्या अंगावर आपटली.

नानासोंनी आधी हरणाकडं पाहिलं, मग ती बघत होती तिकडं. रंगूचा तळवा अजून तसाच होता.

"कुनाच्या हातावर बसली ही?" त्यांनी हळू विचारलं.

"आबा, तिला ऐकू येत न्हाई," रंगू म्हणाली. तिचा आवाज फाटला. "कायच ऐकू येत न्हाई. मीच तिला बोल्ट दिला. हातानं सांगितलं वाजीव म्हून."

"गप! घरला जा आदी!" नानासो ओरडले. पण उशीर झाला होता. भाऊसो मोठ्यानं हसले.

"नानासो, आता कुनाचं नाव काडायचं म्हंतासा?"

जोतीराम भिंतीपासून उठला. "रंगे, तुला कवापासनं ठावं हुतं?"

"समद्यास्नीच ठावं हुतं," रंगू म्हणाली. पुढच्या रांगेतल्या साऱ्या माना खाली गेल्या.

"मला नव्हतं," राहीबाई म्हणाल्या. त्या खाली हरणाजवळ बसल्या होत्या. "रोज समोर बसत होती आणि मला नव्हतं माहीत."

जोतीरामनं पट्टीचा हात दुसऱ्या हातावर धरला. "माज्या हाताचं काय व्हायचं ते व्हईल. पन छडी उचलूस्तवर का थांबलीस गं तू?"

"मला वाटलं, कुनाला कळनार न्हाई," रंगू म्हणाली. निदान त्या क्षणी तरी ती खरं बोलली.

आकाराम गुरुजींनी घसा खाकरला. "म्हंजे बहिरी हाय. मग तर नाव काडलंच पायजे. नियमच हाय तसा."

"नियम कुठं लिहिलाय, गुरुजी? मला दाखवा," राहीबाई म्हणाल्या. इतक्या माणसांत त्या पहिल्यांदाच मोठ्यानं बोलत होत्या. गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"फौजेत तोफा सुरू झाल्या म्हंजे आमी समदंच बहिरं," जोतीराम म्हणाला. "तवा आर्डर हातानंच देत्यात. हातानं लढाई व्हती, तर हातानं बाराखडी व्हनार न्हाई व्हय?"

नानासोंनी भाऊसोंच्या हसऱ्या तोंडाकडं पाहिलं. "ऱ्हाऊ द्या नाव," ते म्हणाले आणि निघून गेले. ते दयेनं म्हणाले असं समजू नका. ते हसू त्यांना सहन होत नव्हतं.

असं नाव राहिलं, आणि मेंढरं हलवायचा विषयही पुन्हा कुणी काढला नाही. जोतीराम बनुबाईला म्हणाला, "ताई, आजपासनं माजी पोर तुमच्या पोरीचं कान. तिच्याशेजारीच बसंल."

बनुबाईनं लेकीला उचलून कडेवर घेतलं, एवढी मोठी पोर. "नगं दादा," ती म्हणाली. "तुमच्या लेकीच्या हातावर माज्या लेकीनं इस्वास ठिवला हुता. त्येचं काय झालं ते बगितलं की आमी. दुसरीकडं बसवा तिला."

त्यानंतर राहीबाई रोज शाळा सुटली की बिराप्पाच्या तळावर जायच्या आणि बनुबाईकडून हाताच्या खुणा शिकायच्या. पाणी, भाकर, ये, जा, दुखतंय, भूक लागली. त्या खुणा त्यांनी सगळ्या वर्गाला शिकवल्या. सोमवारचा दयेचा पाठ त्यांनी बंद केला. त्याऐवजी त्या एकेकाला उभं करून विचारायच्या, "काल तुझ्या शेजारच्याला काय झालं होतं?" कुणाच्या पायात काटा मोडला होता, कुणाची आई आजारी होती, कुणी डबाच आणला नव्हता. ज्याला सांगता येत नसे त्यानं उभंच राहायचं. पहिल्या सोमवारी जवळजवळ सगळा वर्ग उभा होता. शिमग्यानंतर निम्मा बसू लागला.

रंगू मात्र एकटीच कोपऱ्यात होती. जी पोरं तिच्याबरोबर खदखदत होती तीच आता तिला म्हणत, "बापाचा हात तोडलीस की गं!" पाप साठ जणांचं होतं आणि ते एकीच्या डोक्यावर ठेवून बाकीचे मोकळे झाले. मला तेही आवडलं नाही.

आता कुणाचं पुढं काय झालं ते सांगतो. पाऊस पडल्यावर बिराप्पा मेंढरं घेऊन माघारी गेला. तोवर हरणाला आपलं नाव लिहिता येऊ लागलं होतं. राहीबाईंनी दोनदा जत भागात खेटे घातले आणि दुसऱ्या वर्षी तिला बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. ती सातवीपर्यंत शिकली, शिवणकाम शिकली. तिचं लग्न आटपाडीकडं झालं. तिला तीन मुलं आहेत, तिघांनाही ऐकू येतं आणि तिघंही हातांनी बोलतात. बिराप्पा तिचं लग्न बघून गेला. बनुबाई नव्वदीपर्यंत जगली. या गावात त्यांच्यापैकी कुणी पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

जोतीरामचा अंगठा परत वळला नाही. फौजेनं त्याला घरी पाठवलं. त्यानं उरलेलं आयुष्य डाव्या हातानं दारं धरली आणि लेकीला त्या दिवसाबद्दल पुन्हा एक शब्द विचारला नाही. गुंडा गाव सोडून साखर कारखान्यात लागला. नानासो आणि भाऊसो कोर्टात भांडत म्हातारे झाले आणि एकाच वर्षी वारले. आकाराम गुरुजी निवृत्त होईपर्यंत बोल्ट स्वतःच्या टेबलात कुलपात ठेवायचे. राहीबाई बदली होऊन कोरेगावकडं गेल्या आणि तिथंच मुख्याध्यापिका होऊन थांबल्या. मी शाळेत विजेची घंटा आल्यावर खाली उतरलो. आता कुंपणाशी पडलेला असतो, शेळ्या माझ्यावर पाय ठेवून करंजाचा पाला खातात.

रंगू रंगूबाई झाली, आजी झाली. ती अधूनमधून येऊन माझ्याजवळच्या कट्ट्यावर बसते आणि शाळेतल्या पोरांना हे सगळं सांगते, आपलं नाव न लपवता. पुढचं तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे.

वयाच्या पन्नासाव्या वर्षी ती पत्ता काढून आटपाडीकडं गेली. हरणाबाईनं तिला ओळखलं. बसायला घोंगडं टाकलं, चहा केला, सुनेकरवी भाकरीचं विचारलं. आलेल्याला उपाशी पाठवायची रीत तिच्या घरात नव्हती. मग रंगूबाईनं कप खाली ठेवला आणि दोन्ही हात उचलले. माफीची खूण ती मुद्दाम शिकून गेली होती. हात वर आलेले दिसताच हरणाबाईनं डोळे मिटून घेतले. ऐकायचं नसलं तर आपण कानांवर हात ठेवतो. तिनं डोळे मिटले आणि रंगूबाईचे हात खाली जाईपर्यंत ते उघडले नाहीत.

मित्रांनो, तिला मी दोष देत नाही. तुम्हीही देऊ नका. मला उचलून रंग लावा, पुन्हा टांगा, असंही मी म्हणत नाही. लोखंड आहे, गंजेन. पण आज वर्गात तुमच्या शेजारी जो बसलाय, त्याचे डोळे अजून उघडे आहेत आणि तो तुमच्याकडं बघतोय. जे काय सांगायचं असेल ते त्याला आजच सांगा.